उरलेल्यांचा हिशेब

घड्याळाला सगळे तास सारखेच. पण अंगावर ट्रॅक्टर उलटलेल्या माणसाचा पहिला तास निराळा. बाल्टिमोरचे शल्यविशारद आर. ॲडम्स काउली यांनी त्याला ‘सोनेरी तास’ हे नाव रूढ केले, आणि 1970 पासून मेरीलँडच्या पोलिसांची हेलिकॉप्टरे जखमींना उचलून आणू लागली.

हे हेलिकॉप्टर किती जणांना पुरते? माझा जन्म आकडेमोडीत गेला. असा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. अमेरिकेपुरता हा हिशेब चार्ल्स ब्रानस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2005 साली मांडला. रीत मोठी सुबक. जनगणनेतले वस्तीचे लहान लहान तुकडे घ्यायचे, प्रत्येकातल्या लोकसंख्येचा मध्यबिंदू काढायचा, आणि तिथून अपघातग्रस्तांच्या मोठ्या उपचारकेंद्रापर्यंत मोटारीला व हेलिकॉप्टरला लागणारा वेळ मोजायचा. हेलिकॉप्टरचे तळावरून येणेही त्यात धरायचे. ते काही जखमीच्या अंगणात उभे नसते!

उत्तर आले, शेकडा 84.1 लोक तासाभराच्या आत. त्यांतले पुष्कळसे निव्वळ हेलिकॉप्टरच्या जोरावर. बाहेर राहिले 4 कोटी 67 लाख, बहुतेक खेड्यांतले. उलट 4 कोटी 28 लाख लोकांना, मुख्यतः शहरांत, तासाभराच्या टप्प्यात वीस किंवा अधिक केंद्रे!

परीक्षेत एवढे गुण मिळाले तर पेढे वाटतात. पण माझी लेक पश्चिम कॅन्ससमध्ये, गव्हाच्या मुलखात नांदते. मी काळजीने विचारले, तर म्हणाली, “बाबा, काही झालंच तर हेलिकॉप्टर येतं ना!” मी म्हटले, “आणि धुकं असलं तर?” ती गप्प राहिली. शिवाय जनगणना माणसाला घरी मोजते. कापणीच्या दिवसांत जावई पहाटेपासून रात्रीपर्यंत शेतावर असतो. त्याचा हात यंत्रात सापडलाच, तर तो जनगणनेच्या पत्त्यावर सापडणार नाही.

तरीही या हिशेबाचे मोल मी कमी मानीत नाही. ‘हेलिकॉप्टर आहे’ एवढे म्हटले की सगळेच सुरक्षित वाटतात. कोणीतरी वजाबाकी केली, म्हणून 4 कोटी 67 लाख माणसे नजरेस आली. पुढचा तळ कुठे बांधायचा, हे शेकडा चौऱ्याऐंशींकडे पाहून ठरत नाही; ते या उरलेल्यांकडे पाहूनच ठरवावे लागते.