मला विचारा

गणपतीपुळ्याचा देव पश्चिमेकडे, समुद्राकडे पाहतो. येथे प्रदक्षिणा केवळ मूर्तीला नाही, तर जिच्या पायथ्याशी मंदिर आहे त्या टेकडीलाच घालतात. सुमारे एक किलोमीटरची वाट. एका अंगाला झाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र. मधे चढ, उतार, पायऱ्या. आपल्यासोबत चाकाच्या खुर्चीवरचे वडीलधारे माणूस असेल, तर आपण काय म्हणतो हे ठरलेले आहे : "तुम्ही सावलीत बसा, आम्ही जाऊन येतो."

अर्धांगवायूनंतर माझ्या आत्याला आम्ही येथे आणले, तेव्हा आम्हीही तेच म्हणालो. पण त्याआधीची हकिकत सांगायला हवी. मुक्कामाच्या ठिकाणी व्यवस्थापकाने मला विचारले, "यांना पायऱ्या जमतील का?" मी उत्तर देणार तोच आत्या म्हणाली, "मला विचारा. कठडा असेल तर तीन जमतात. चौथीला हात लागतो." गृहस्थ ओशाळले, मग त्यांनी स्वतःच तळमजल्यावरची खोली उघडून दिली आणि उंबरठ्यावर टाकायला फळी शोधून आणली.

हे बोलणे तिला एका पुस्तकाने दिले होते. अंथरुणावर असताना तिने नसीमा हुरजूक यांचे 'चाकाची खुर्ची' हे आत्मकथन वाचले. ऐन सोळाव्या वर्षी त्यांच्या पायांतील शक्ती गेली. पुढे १९८४ साली कोल्हापुरात त्यांनी 'हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड' ही संस्था उभी केली. मला त्या पुस्तकाचे शीर्षकच मोठे वाटते. त्यात ना दैव आहे, ना जिद्द. आहे ती रोजच्या वापरातली एक वस्तू. अपंगांच्या कथा बहुधा दुसरेच सांगतात, आणि त्या 'बिचारी' किंवा 'धन्य' या दोन शब्दांत संपतात. ज्याची कथा तोच सांगू लागला, की अडचण पायांतून निघून पायरीत दिसू लागते. सार्वजनिक वास्तू सर्वांना वापरता याव्यात असे २०१६ चा दिव्यांग हक्कांचा कायदाही म्हणतो. पण नेमके कुठे अडते, ते अडलेल्या माणसालाच ठाऊक असते.

प्रदक्षिणा आटोपून आम्ही परतलो, प्रसाद पुढे केला. आत्या म्हणाली, "प्रसाद नंतर. आधी वाट सांगा. पहिली पायरी कुठे लागते? कठडा आहे का? सावली किती?" आम्हा चौघांपैकी एकालाही सांगता येईना.

आपण काळजीवाहक असाल, तर एवढे करून पाहा. आपल्या माणसाचे वाक्य आपण पूर्ण करू नका. पक्षाघातानंतर शब्द उशिरा येतात. तो उशीर सोसा. (गोष्ट रंगली तरी दर पंधरा ते तीस मिनिटांनी खुर्चीत अंग थोडे उचलून किंवा कलवून घ्यायला विसरू नका; एकाच जागी दाब राहिला तर जखम होते.) आणि खुर्ची कोरड्या, भुसभुशीत वाळूत नेऊ नका, चाके रुततात.

दुपारी आम्ही पुन्हा निघालो, या वेळी पायऱ्या मोजत. उन्हे उतरल्यावर आत्याला घेऊन गेलो. जिथे पायऱ्या लागल्या तिथे ती थांबली, टेकडीला हात जोडले आणि पुढची वाट आमच्याकडून वळणावळणाने ऐकून घेतली. आता गणपतीपुळ्याला निघालेल्या प्रत्येकाला ती फोनवर वाट सांगते. न पाहिलेल्या भागासकट.