हाँगकाँगचा रविवार

हाँगकाँगच्या सेंट्रल भागात आठवडाभर बँकांची आणि सुटाबुटातल्या माणसांची वर्दळ असते. रविवारी मात्र चेटर रोडवर गाड्या बंद असतात आणि रस्ता बायकांचा होतो. नात्यातल्या एका मुलाकडे आम्ही गेलो होतो, त्यानेच सकाळी तिथे नेले. पुठ्ठ्याची खोकी उलगडून अंथरलेली, त्याच पुठ्ठ्यांचे आडोसे उभे केलेले, आणि घरात शिरताना काढाव्या तशा चपला कडेला काढून ठेवलेल्या. एचएसबीसी बँकेच्या इमारतीखालची मोकळी जागाही भरलेली. कुणी डब्यातला भात वाटत होती, कुणी मैत्रिणीचे केस कापत होती. निम्म्याहून जास्त जणींच्या हातात फोन होता आणि फोनमध्ये एखादे मूल.

या फिलिपिन्सच्या आया. मराठीतल्या या शब्दाचे दोन्ही अर्थ त्यांना लागू पडतात. हाँगकाँगमध्ये परदेशी घरकामगार तीन लाखांहून अधिक आहेत, त्यांत अर्ध्याहून जास्त फिलिपिनी. नियमाने मालकाच्याच घरी राहावे लागते. आठवड्याला एक दिवस सुटी मिळते, पण त्या दिवशी जायला स्वतःची खोली नाही, म्हणून रस्ता.

माणसे परदेशी कामाला पाठवणे हे फिलिपिन्सने १९७४ मध्ये, मार्कोस यांच्या काळात, सरकारी धोरणच केले. १९८८ मध्ये राष्ट्राध्यक्षा कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगमध्ये या बायकांना देशाचे ‘नवे वीर’ म्हटले. वीरांची स्थिती अशी, की इतर परदेशी माणसाला सात वर्षांनी कायमचा रहिवास मिळू शकतो, घरकामगाराला नाही. २०१३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम केले. मुलांना सोबत आणता येत नाही. काम सुटले तर साधारण दोन आठवड्यांत निघावे लागते.

एकीने आम्हाला आपल्या पुठ्ठ्यावर जागा दिली. तिच्या मैत्रिणी तिला ‘आते’ म्हणत होत्या. आम्हाला आपली फूफी आठवली, पण त्यांच्याकडे आते म्हणजे मोठी बहीण. तिची दोन मुले इलोइलोला तिच्या आईजवळ. मोठीने कॅमेऱ्यासमोर वही धरली होती आणि ही इकडून भागाकार तपासत होती. बाकी चुकली होती. शिक्षकी सवयीने आमच्याही लक्षात आले, पण आधी तिने पकडली. दोन्हीकडे घड्याळ एकच, मनिला विमानाने दोन तासांवर. तरी तिचे घरी जाणे दोन वर्षांनी, करार संपला की. धाकटा ‘नानाय’ म्हणजे आई म्हणतो, ते आजीला.

रत्नागिरी-रायगडच्या आपल्या घरांना हे सारे परके नाही. अब्बा कुवेतला, दुबईला. त्यांची चिठ्ठी, मग त्यांचा फोन, त्यांची कंबल-अत्तराची पेटी. पण त्या अब्बांना कुणी विचारले नाही, की मुलांना टाकून कसे गेलात? हिला गावी गेल्यावर शेजारणी तेच विचारतात. हा हिशेब आम्हाला पटला नाही. आणि खाडी देशांतल्या आपल्या नातेवाइकांकडेही अशा बायका कामाला असतात. मजुरी वेळेवर द्यावी ही ताकीद सर्वांना पाठ असते. तिची मुले कुणाजवळ आहेत, हे किती घरांत ठाऊक असते?

जोहरला आम्ही वान चायच्या अम्मार मशिदीत गेलो. तिथल्या कँटीनचे हलाल डिमसम प्रसिद्ध आहेत, ते खाल्ले. बायकांच्या दालनात बहुतेक इंडोनेशियन होत्या, दोघी मिंडानाओच्या. त्यांचाही हाच एक दिवस.

परतताना चेटर रोडवर पुठ्ठे गोळा होत होते. आमची ती ओळखीची बाई मोठ्या पेटीला चिकटपट्टी लावत होती. या पेटीला ते ‘बालिकबयान’ म्हणतात, म्हणजे देशी परतणारा. आत साबण, डबाबंद मांस, टॉवेल, चॉकलेट आणि धाकट्याचे बूट. आजी त्याचा पाय कागदावर ठेवून रेघ ओढते आणि फोटो पाठवते. पेटी जहाजाने जाते, काही आठवडे लागतात. म्हणून ती बूट एक नंबर मोठे घेते.