सांडलेलं कुठे जातं

गाडीत काही सांडलं की लोक आधी सीट पुसतात. साहजिक आहे, डाग तिथे दिसतो. पण सीटवरच्या चहा-दुधाची मला फारशी काळजी वाटत नाही. दोन सीटच्या मधे, गिअरच्या बाजूने जे खाली गळून जातं त्याची वाटते. पाण्याची बाटली आणि चहाचा कप ठेवायची जागा बहुतेक गाड्यांत तिथेच असते, आणि अनेक गाड्यांत त्याच कन्सोलच्या पोटात एअरबॅगचा कंट्रोल डबा पत्र्याला बोल्टने आवळलेला असतो. गाडीच्या मध्यावर धक्का नीट मोजता येतो, म्हणून तो तिथे बसवतात. हे कारण पटतं. कपाची जागा त्याच्याच डोक्यावर देणं मात्र मला कधी पटलेलं नाही.

चेलाडी फाट्यावरून आत वळलं की नसरापूर. एका हाताला पुणे-सातारा महामार्ग, दुसऱ्या हाताला वेल्ह्याचा रस्ता, त्यामुळे इथल्या माझ्या गॅरेजात दोन तऱ्हेच्या गाड्या येतात. महामार्गावरच्यांत सांडलेला असतो चहा, कोल्ड्रिंक, उसाचा रस. वेल्ह्याकडच्यांत दूध, ताक, आणि पावसाळ्यात राजगड-तोरण्यावरून उतरलेल्या पोरांच्या बुटांमधलं पाणी. बनेश्वरला सहलीला आलेल्यांच्या डब्यातली आमटीसुद्धा मी कार्पेटखालून काढलेली आहे. म्हणून बॉनेट उघडायच्या आधी मी विचारतो, काय सांडलं होतं? लोक संकोचतात. "काही नाही हो, पाणीच होतं." पण खरं कळलं तर माझा निम्मा शोध तिथेच संपतो. निव्वळ पाण्यातून वीज फार थोडी वाहते. त्यात मीठ किंवा आंबटपणा आला की ती खुशाल वाहते. साखर स्वतः वीज वाहून नेत नाही, पण चिकटून राहते, हवेतली ओल धरून ठेवते आणि स्विचची बटणं अडकवते. दुधात क्षार असतातच, शिवाय ते नासून आंबतं. सगळ्यांत जास्त धास्ती मला दुधाची.

मागच्या पावसाळ्यात वेल्ह्याकडचे एक निवृत्त गुरुजी आले. चालत्या गाडीत डावीकडची काच आपोआप खाली येत होती आणि मीटरवर एअरबॅगचा दिवा पेटलेला राहत होता. दार उघडलं आणि वास आला.

"गुरुजी, दूध सांडलं होतं का?"

"अरे, त्याला महिना झाला! लेकीला पुण्याला नेत होतो, किटलीचं झाकण सैल राहिलं. त्याच दिवशी दोन बादल्या ओतून गाडी स्वच्छ धुतली की मी. त्याचा इथे काय संबंध?"

संबंध त्या दोन बादल्यांचाच होता. वर राहिलं असतं ते दूध त्यांनी खाली पोचवलं. कार्पेटखाली जाड फोम असतो. तो वरून कोरडा लागतो आणि खालून आठवडेच्या आठवडे ओला राहतो, त्यात आमच्याकडचा पाऊस. मी कोपरा उचलून फोम पिळला तर महिन्यानंतरही पाणी गळलं.

स्कॅनर लावला तर दोषांची लांबलचक यादी. अशा यादीतला एकेक दोष धरून मी मागे धावत नाही. आधी डब्यांना आपसांत बोलायला ज्या पीळ दिलेल्या दोन तारा असतात, त्या तपासतो. कॅन नावाची ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडली, आणि आता ती बहुतेक सगळ्या गाड्यांत आहे. तिच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध असतो, म्हणून बॅटरी सोडून त्या दोन तारांमधे मोजलं की साधारण ६० ओहम यायला हवेत. ते आले. म्हणजे बिघाड सगळीकडे पसरलेला नव्हता, एका जागी बसून आरडाओरडा करत होता.

कन्सोल खोलायची घाई करायची नाही. काचा वर, एक दार उघडं, दहा नंबरच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह सोडायची आणि काही मिनिटं स्वस्थ थांबायचं. टक्करीत बॅटरीच तुटली तरी पिशव्या फुगाव्यात म्हणून एअरबॅगच्या डब्यात थोडी वीज साठवलेली असते. त्याच्या पिवळ्या कपलरला तोवर हात नाही, आणि पिशवीकडे जाणाऱ्या तारांना ओहम मोजायला साधा मीटर कधीच लावायचा नाही, कारण मीटरची स्वतःची वीजसुद्धा तिथे धोक्याची ठरू शकते.

कन्सोल निघाला. काचेच्या स्विचचा कपलर सोडवून भिंगातून पाहिला. शेजारी शेजारी दोन पिना. ज्या पिनेला सतत बारा व्होल्ट मिळत होते ती अर्धी झिजून टोकदार झालेली, बुडाशी हिरवा थर. अर्थची पिन जवळजवळ शाबूत. कल्हई उडालेल्या पितळी भांड्यात ताक ठेवलं की कळंक धरतो, तसाच हा थर. फरक इतकाच की इथे त्याला वीज जोर देते. ओल असेल तोवर पॉझिटिव्ह पिनेतलं तांबं सुटत राहतं, गाडी दारात बंद उभी असली तरी. त्याच थराने पुरवठ्याची पिन आणि काच खाली घ्यायची पिन जोडून टाकली होती, म्हणून काच आपोआप उतरत होती. सांडल्यावर महिन्याने बिघाड का, याचंही उत्तर त्या पिनेतच होतं.

तिथून पुढे जाणारी तार मी मीटरवर पाहिली, १२.४ व्होल्ट. मग त्याच जागी टेस्ट लॅम्प लावला तर दिवा नुसता लालसर झाला. आमच्या धंद्यातली ही गोष्ट शिकायला येणाऱ्या प्रत्येक पोराला मी आधी दाखवतो. मीटर जवळजवळ काहीच वीज ओढत नाही, म्हणून तारेचा एकच पदर शिल्लक असला तरी तो पूर्ण व्होल्ट दाखवतो. भार टाकला की खरं कळतं. तार सोलली तेव्हा रबराखाली बोटभर लांब तांबं काळं पडलेलं होतं. पदरांच्या फटींतून ओल आत चढली होती. चकचकीत तांबं लागेपर्यंत मागे कापत जायचं, मधे थांबायचं नाही.

काचेचा स्विच आणि कपलर नवे घातले. बाकीच्या पिना आधी डिस्टिल्ड वॉटरने, कारण साखर आणि दूध पाण्यातच सुटतं, आणि मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुतल्या. एअरबॅगच्या डब्याच्या पिनाही हिरवट झालेल्या होत्या. गुरुजी म्हणाले, "तोही पुसून बसव की." मी नाही म्हटलं. काच पुन्हा बिघडली तर पुन्हा येता येईल. त्या डब्याचं काम आयुष्यात एखाद्याच वेळी, तेही काही मिलिसेकंदांत, आणि तो त्या वेळी चालेल की नाही हे पाहायची कोणतीच चाचणी माझ्या टेबलावर नाही. दिवा विझवून देणं सोपं आहे. विझलेल्या दिव्यावर विश्वासून माणूस नातवाला पुढे बसवतो. नवा डबा अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये गाडीशी जुळवून बसवायला मी त्यांना पाठवलं. खर्च ऐकून ते गप्प झाले, पण गेले.

मारुती ८००च्या काळात कन्सोलखाली असं काही नव्हतं. दूध सांडलं तर वास, एवढाच त्रास. १ जुलै २०१९ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या प्रत्येक नव्या गाडीत ड्रायव्हरची एअरबॅग आणि सीटबेल्टची सूचना सक्तीची झाली. ते योग्यच झालं. पण त्यामुळे पायाखालच्या तारा वाढल्या आणि बादलीने गाडी धुवायची आमची सवय तशीच राहिली.

सांडलं तर लगेच बाजूला थांबून इंजिन बंद करा. कोरड्या सुती कापडाने दाबून टिपा, घासू नका. वर पाणी ओतू नका. कन्सोलमध्ये गेलं असेल तर बॅटरीची निगेटिव्ह सोडून द्या. ओल आहे पण वीज नाही, अशा पिना फार हळू झिजतात, आणि मेकॅनिकला सवड मिळते. काहीच न सांडता डावीकडे पायाखाली स्वच्छ पाणी साचत असेल तर एसीची पाणी सोडायची नळी बघा. पावसाळा सरला की आमच्याकडे कुंभारीण माशी त्या नळीत मातीचं घर करते.

गुरुजींची गाडी देण्याआधी कार्पेट काढून फोम पंख्याखाली चार दिवस ठेवला. मग दोन्ही काचा, हॉर्न, दिवे, वायपर एकाच वेळी चालू करून त्या तारेवर पुन्हा टेस्ट लॅम्प धरला. पांढराशुभ्र पेटला. दिवाळीनंतर कन्सोल एकदा उघडून बघू, तेवढ्यासाठी या, असं सांगून किल्ली दिली.