गळ्यातला स्कार्फ कुणाचा?

मुलांनो, तुमच्या शाळेत स्काऊट-गाइडचे पथक असेल, तर गळ्यात स्कार्फ बांधून, वॉगल नीट वर सरकवून तुम्ही मैदानावर उभे राहत असाल. पथक नसेल, तर निदान प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात तो स्कार्फ घातलेली मुले तुम्ही पाहिली असतीलच. या स्कार्फबद्दल आज थोडे बोलूया. कारण पालकसभेत त्याच्याविषयी एक प्रश्न हमखास निघतो.

मुरबाड तालुक्यातल्या आमच्या शाळेत एका वडिलांनी मला सरळच विचारले, "बाई, ते स्काऊट म्हंजे ख्रिश्चन लोकांचं असतं ना? मग आमच्या पोराला कशाला?"

मला त्यांचा राग आला नाही. उलट बरे वाटले. मनात शंका ठेवून मुलाला घरी बसवण्यापेक्षा विचारलेले चांगले. आणि "छे छे, तसं काही नाही" एवढे म्हणून उत्तर पुरे झाले नसते. कारण त्यांचे अर्धे म्हणणे खरे होते!

प्रॉटेस्टंट म्हणजे काय, ते आधी सांगते. सोळाव्या शतकात युरोपातल्या काही ख्रिस्ती लोकांनी रोमच्या पोपची सत्ता मानायचे नाकारले. त्यांच्यापासून जे पंथ निघाले, ते प्रॉटेस्टंट. पोपला मानणारे ते कॅथलिक. आपल्याकडे वसईचे ख्रिस्ती बहुतेक कॅथलिक. आणि आमच्या मुरबाडवरून माळशेज घाट चढून जो कल्याण-नगर रस्ता जातो, त्याच्या टोकाला, म्हणजे अहमदनगरकडे (आताचे अहिल्यानगर) अमेरिकन मराठी मिशनच्या कामामुळे प्रॉटेस्टंट मंडळी पुष्कळ. कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक हे त्यांच्यातलेच.

आता चला स्कॉटलंडमधल्या ग्लासगो शहरात. तिथे विल्यम अलेक्झांडर स्मिथ नावाचे गृहस्थ प्रॉटेस्टंट चर्चच्या रविवारच्या शाळेत शिकवीत. पण मोठी मुले काही केल्या गप्प बसत ना! (हे दुखणे जगातल्या सगळ्या शिक्षकांचे सारखेच, बरे का.) स्मिथ हे हौशी सैनिकही होते. त्यांच्या मनात आले, की मुलांना नुसते बसवून ठेवण्यापेक्षा कवायत दिली, खेळ दिले, जबाबदारी दिली तर? ४ ऑक्टोबर १८८३ रोजी त्यांनी 'बॉईज ब्रिगेड' सुरू केली. डोक्यावर छोटी टोपी, कमरेला पट्टा आणि खांद्याला पिशवी, एवढाच गणवेश. साध्या कपड्यांवर तो चढवता येई. गरिबाच्या मुलालाही परवडावा असा. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचे काम आहे.

या बॉईज ब्रिगेडची मुले रॉबर्ट बेडन-पॉवेल यांनी पाहिली. ते इंग्रज सेनाधिकारी. दक्षिण आफ्रिकेत माफेकिंगचा वेढा २१७ दिवस टिकवून धरल्यामुळे त्यांचे नाव घरोघरी झाले होते. त्यांचे वडील ऑक्सफर्डचे प्राध्यापक आणि चर्च ऑफ इंग्लंडचे धर्मोपदेशक होते. रॉबर्ट तीन वर्षांचा असतानाच ते वारले. मोठेपणी रॉबर्टनी सैनिकांसाठी टेहळणीवर, म्हणजे 'स्काऊटिंग'वर एक पुस्तक लिहिले. स्मिथ त्यांना म्हणाले, हेच मुलांसाठी लिहा ना!

लिहिण्याआधी बेडन-पॉवेलनी करून पाहिले. ऑगस्ट १९०७ मध्ये ब्राऊनसी नावाच्या बेटावर त्यांनी वीसएक मुलांचे शिबिर भरवले. त्यांतली काही श्रीमंतांच्या निवासी शाळांतली होती आणि काही बॉईज ब्रिगेडमधली, कष्टकऱ्यांच्या घरची. एरवी ही मुले एकमेकांशी बोललीही नसती. इथे ती एकाच संघात राहिली, एकाच शेकोटीभोवती बसली. १९०८ मध्ये पुस्तक निघाले आणि स्काऊट चळवळ वणव्यासारखी पसरली. १९०९ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या मेळाव्यात मुलीही येऊन उभ्या राहिल्या. आम्हालाही स्काऊट व्हायचे आहे, म्हणाल्या. म्हणून १९१० मध्ये गाइड सुरू झाल्या.

म्हणजे पाहा, स्काऊटची मुळे चर्चच्या रविवारच्या शाळेपर्यंत जातात, हे खरे. पण आमच्या शहापूर-मुरबाडच्या गावांत पोरे संध्याकाळी जाळी बांधून व्हॉलीबॉल खेळतात, तो खेळ कुठला? अमेरिकेतल्या होलिओक गावी १८९५ मध्ये विल्यम मॉर्गन यांनी तो काढला. कुठे, तर 'वायएमसीए' म्हणजे तरुणांच्या ख्रिस्ती संघटनेच्या व्यायामशाळेत! चेंडू हवेत असताना त्याचा धर्म कुणी विचारत नाही. पोरांचे लक्ष असते तो उचलायचा कसा याकडे.

जगात आजही प्रॉटेस्टंटांच्या वेगळ्या स्काऊट संघटना आहेत. डेन्मार्कमध्ये १९१० मध्ये त्याच वायएमसीएच्या डॅनिश शाखेने स्काऊट सुरू केले. फ्रान्समध्ये १९११ मध्ये प्रॉटेस्टंट स्काऊट निघाले. तिथे कॅथलिकांचे स्काऊट १९२० मध्ये आणि ज्यूंचे १९२३ मध्ये आले. मुसलमान मुलांची संघटना १९९०च्या सुमाराची. शिवाय कुठलाच धर्म न लावणारेही स्काऊट आहेत. तुम्ही म्हणाल, एवढी दारे कशाला? पण प्रत्येक समाजाला वाटले, की आपल्या मुलाने स्काऊट व्हावे आणि आपली प्रार्थनाही विसरू नये. यात वाईट काहीच नाही.

खरी परीक्षा झाली १९४० मध्ये. फ्रान्स त्या वर्षी जर्मनीकडून हरला. ज्यू लोकांवर बंधने येऊ लागली. अशा दिवसांत फ्रान्सच्या स्काऊट संघटनांनी मिळून एक संघ बनवला आणि त्यात ज्यू स्काऊटांनाही आपल्या बरोबरीने घेतले. पुढे ज्यू स्काऊटांनी लहान मुलांना लपवण्याचे, त्यांना खोटी ओळखपत्रे करून देण्याचे धोक्याचे काम केले. डोंगरातल्या ल शांबों नावाच्या गावात तर आंद्रे त्रोक्मे या प्रॉटेस्टंट धर्मगुरूंच्या सांगण्यावरून गावकऱ्यांनी ज्यू मुलांना घराघरांत आसरा दिला.

जर्मनीत मात्र उलटे घडले. जर्मन भाषेत स्काऊटला 'फाडफिंडर' म्हणतात. म्हणजे वाट शोधणारा, आपला वाटाड्याच. तिथे १९२१ पासून प्रॉटेस्टंट मुलांची संघटना होती. हिटलर आला आणि सगळ्या मुलांना एकाच 'हिटलर युथ'मध्ये कोंबण्यात आले. वाट शोधणाऱ्यांना सांगितले गेले, की वाट आम्ही दाखवू, तुम्ही फक्त चाला. युद्ध संपल्यावर पश्चिम जर्मनीत जुन्या संघटना पुन्हा उभ्या राहिल्या आणि १९७३ मध्ये प्रॉटेस्टंट मुले-मुली एका संघटनेत आली. आज तिथे इतर धर्मांची मुलेही येऊ शकतात. मुलांनो, एकत्र येणे आणि एका साच्यात कोंबणे या दोन गोष्टी दुरून सारख्या दिसतात. जवळ गेले की फरक कळतो.

आता आपल्या देशात या. आपल्याकडे १९०९ मध्ये बेंगळुरूला पहिले स्काऊट पथक निघाले. पण ते गोऱ्या आणि अँग्लो-इंडियन मुलांसाठी. आपल्या मुलांना दार बंद! भारतीय मुलगा जंगलात वाट शोधू शकत नव्हता की काय? तेव्हा अॅनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला भारतीय मुलांसाठी स्काऊट संघटना काढली. अलाहाबादला मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू आणि श्रीराम वाजपेयी यांनी सेवा समितीचे स्काऊट उभे केले. अशा कितीतरी संघटना झाल्या. स्वातंत्र्यानंतर पंडित नेहरू, शिक्षणमंत्री मौलाना आझाद, कुंझरू, नागपूरचे न्यायमूर्ती व्हिव्हियन बोस अशा अनेकांनी बोलणी केली आणि ७ नोव्हेंबर १९५० रोजी 'भारत स्काऊट्स' ही संघटना तयार झाली. १९५१ मध्ये गाइडही तीत आल्या.

तिचे बोधचिन्ह नीट पाहा. स्काऊटचे कमळासारखे फूल, गाइडचे तीन पानांचे चिन्ह आणि मधोमध अशोकचक्र. पाहुणा आला, घरचा झाला, असे ते चिन्ह सांगते. पुण्यात तर १९६६ पासून गाइडचे 'संगम' हे जागतिक केंद्र आहे. बेडन-पॉवेल यांच्या पत्नी ओलेव्ह यांनीच त्याचे उद्घाटन केले. देशोदेशीच्या मुली तिथे येऊन राहतात.

स्काऊटची सलामी तीन बोटांची असते. वचनाचे भाग तीन, म्हणून बोटे तीन. ईश्वर व देश यांच्याबद्दलचे कर्तव्य, इतरांना मदत आणि स्काऊटच्या नियमांचे पालन. देशाबद्दलचे कर्तव्य काय असते ते आम्हाला पुस्तकात शोधावे लागत नाही. आमच्या सिद्धगडावर २ जानेवारी १९४३ रोजी भाई कोतवाल आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले. इतरांना मदत म्हणजे काय, तेही उन्हाळ्यात टँकर आला की दिसते. मुंबईला पाणी देणारी तानसा, भातसा ही धरणे शहापूर तालुक्यात, आणि तिथल्याच कितीतरी पाड्यांवर बायाबापड्या हंडे घेऊन रांगेत! तिथे एखाद्या आजीचा हंडा उचलून दिला, की त्या दिवसाचे सत्कृत्य झाले.

राहिले ईश्वराबद्दलचे कर्तव्य. भारत स्काऊट्स आणि गाइड्सच्या वचनात अशी सोय आहे, की ज्याला हवे त्याने 'ईश्वर'ऐवजी 'धर्म' हा शब्द म्हणावा. शिबिरात सर्वधर्म प्रार्थना होते. मी त्या वडिलांना हे वचन वाचून दाखवले. त्यांनी ते दोनदा ऐकले आणि म्हणाले, "म्हंजे आमच्या पोरानं आपल्या देवाचं नाव मनात घेतलं तरी चालंल?"

"चालेल की."

"मग हरकत न्हाय." जरा थांबून ते हळूच म्हणाले, "पण बाई, त्या कपड्यांना पैसं किती पडतील?"

खरा प्रश्न तर हा होता! १९०९ मध्ये दार बंद होते ते कातडीच्या रंगामुळे. आज तसे कुणी म्हणत नाही. पण गणवेश, पट्टा, टोपी, बूट यांची यादी हातात पडली, की काही आईबाप आपणहून मागे सरतात. दिवाळीनंतर वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी घरांतली मुले तर अर्धे वर्ष शाळेतच नसतात. त्यांना "नाही" कुणीच म्हणत नाही. ती नुसती बाजूला उभी राहून बघतात.

अशीच बाजूला उभी राहणारी एक मुलगी आमच्या शाळेत होती. एकदा आम्ही रानात गेलो. ओल्या मातीत ठसे दिसले. पथकातली मुले म्हणाली, कुत्रा. ही मागून म्हणाली, "कुत्रा न्हाय, कोल्हा हाय. आत्ताच गेलाय, पाणी अजून भरलं न्हाय ठशात." ओले लाकूड कसे पेटवायचे, वाखाचा दोर कसा वळायचा, हेही तिला येत होते. बेडन-पॉवेलनी पुस्तक लिहून जे शिकवले, ते ती आजोबांबरोबर हिंडून शिकली होती. आणि तिच्याच गळ्यात स्कार्फ नव्हता.

मग मुलांनीच मार्ग काढला. स्काऊटमध्ये 'खरी कमाई' असते, म्हणजे स्वतः काम करून मिळवलेले पैसे. मुलांनी राख्या केल्या, आकाशकंदील केले, शाळेच्या वाफ्यातली मेथी विकली. त्यातून स्कार्फ आणले आणि ते शाळेच्या पेटीत ठेवले. आता आमच्याकडे स्कार्फ कुणा एकाचा नाही, पेटीचा आहे. मैदानावर जाताना घ्यायचा, आल्यावर घडी करून ठेवायचा. पूर्ण गणवेश नसला तरी चालतो. स्मिथसाहेबांची टोपी, पट्टा आणि पिशवी आठवली ना? वीटभट्टीवरून परतलेल्या मुलालाही पेटी उघडून स्कार्फ घेता येतो. कुणाला विचारावे लागत नाही.

आणखी एक. स्कार्फ तिकोनी का असतो, ठाऊक आहे? कुणाचा हात मोडला तर त्याची झोळी करता येते. डोके फुटले तर पट्टी बांधता येते. म्हणजे स्कार्फ आपण घालतो खरा, पण त्याचे काम पडते ते दुसऱ्याला. त्या वेळी आपण जखमीची जात पाहत नाही की धर्म.

तेव्हा मुलांनो, पुढच्या वेळी पथक उभे राहील, तेव्हा एकदा मैदानाच्या कडेला पाहा. तिथे कोण उभे आहे? त्याला का येता येत नाही, हे त्यालाच विचारा. आणि पालकहो, तुमच्या मनात शंका असेल तर शाळेत येऊन जरूर विचारा. उत्तर द्यायला आम्ही आहोत.