नजर आणेवारी

मी दोन माणसांचं देणं लागतो. एक माझे वडील. आम्ही त्यांना अप्पा म्हणायचो. ते माण तालुक्यातल्या एका सज्जाचे तलाठी होते. दुसरे अमेरिकेतल्या कोलंबस शहरातले माझे घरमालक. ओहायोतल्या एका धान्यकोठारावर त्यांनी सारी हयात वजनकाट्यापाशी काढली होती. अप्पांना मराठीखेरीज भाषा येत नव्हती आणि घरमालकांनी भारत फक्त नकाशात पाहिला होता. दोघांची भेट कधी झाली नाही. तरी आज मी जे काम करतो त्यात एकाचा हात कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो, हे मला सांगता येत नाही. या दोघांना माझ्यापाशी एकत्र आणलं ते २००६ च्या अमेरिकी कॉलेज फुटबॉलच्या हंगामानं.

त्या वर्षी मी संख्याशास्त्र शिकायला ओहायो स्टेट विद्यापीठात गेलो. वरच्या मजल्यावरची खोली मला मिळाली. खाली घरमालक एकटेच राहत. त्यांना आजोबा म्हणायला मी आठवड्याभरातच लागलो आणि अर्थ कळल्यावर त्यांनीही ते नाव आनंदानं घेतलं. शनिवारी गावाचा रंग बदलायचा. १९२२ साली बांधलेलं, घोड्याच्या नालेसारखं ते स्टेडियम लाखाहून अधिक माणसांनी भरायचं आणि गल्लोगल्ली किरमिजी-करडे सदरे दिसायचे. आजोबा मात्र घरीच टीव्हीसमोर बसत. मांडीवर उभ्या-आडव्या रेघांची जाड वही आणि कानावर पेन्सिल. पहिल्याच आठवड्यात त्यांनी जिन्याखालून हाक मारली, “एकटा काय बसतोस? खाली ये.” परक्या देशात मला आलेली ती पहिली हाक.

९ सप्टेंबरच्या रात्री ओहायो स्टेटनं टेक्ससला त्यांच्याच मैदानावर २४-७ हरवलं. टेक्सस आदल्या हंगामाचे राष्ट्रीय विजेते. बाहेर फटाके वाजत होते. आजोबांनी वहीत ‘टेक्सस, ७’ लिहिलं आणि पुढचा रकाना कोरा ठेवला. मी विचारलं, तर म्हणाले, “सात गुणांवर रोखलं, पण कोणाला? हा संघ दुसऱ्यांविरुद्ध किती गुण करतो ते कळल्याशिवाय या सातला अर्थ नाही. ते डिसेंबरात कळेल.”

मग त्यांनी मला काट्यावरची गोष्ट सांगितली. शेतकरी मक्याचा ट्रक घेऊन येतो. काट्यावर वजन भरपूर भरतं. पण मका ओला असेल तर त्या वजनात पाणी असतं. म्हणून आधी ओल मोजायची, साडेपंधरा टक्क्यांच्या वर जेवढं पाणी असेल तेवढं वजनातून वजा करायचं, आणि मग छप्पन्न पौंडांचा एक बुशेल धरून हिशेब करायचा. “दुबळ्या संघाविरुद्धचे पन्नास गुण म्हणजे ओला मका,” ते म्हणाले.

त्या वर्षी वरच्या श्रेणीत ११९ संघ होते आणि बहुतेकांच्या नियमित सामन्यांची संख्या १२. सगळे सगळ्यांशी खेळूच शकत नाहीत. एक संघ तगड्या संघांशी झुंजतो, दुसऱ्याच्या वाट्याला सोपे सामने येतात, आणि दोघांचे गुण एकाच तक्त्यात शेजारी छापले जातात. आजोबांची रीत यावर होती. आपण किती गुण केले, ते प्रतिस्पर्धी इतरांना सरासरी किती गुण करू देतो त्याच्याशी ताडायचं. आपण किती गुण दिले, ते तो इतरांविरुद्ध सरासरी किती करतो त्याच्याशी ताडायचं. आणि प्रतिस्पर्ध्याची सरासरी काढताना आपला स्वतःचा सामना त्यातून वगळायचा. “नाहीतर आपल्याच मापानं आपण आपल्याला मोजू,” हे त्यांचं वाक्य.

मी ऐकत होतो आणि डोळ्यांपुढे अप्पांची कचेरी उभी राहत होती. मी म्हणालो, “आजोबा, ही तर आणेवारी!”

त्यांना ती समजावून सांगायला मला तासभर लागला. गावाचं पीक किती आलं, हे नुसतं क्विंटलात सांगून भागत नाही. त्या पिकाचं प्रमाण उत्पन्न ठरलेलं असतं. पीक कापणी प्रयोगात दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा आखून त्यातलं धान्य मोजतात आणि ते प्रमाण उत्पन्नाच्या किती भरलं ते पाहतात. पूर्वी ते रुपयातल्या सोळा आण्यांत सांगत. आता पैशांत सांगतात आणि कागदावर पैसेवारी लिहितात, पण गावाच्या तोंडी आणेवारीच राहिली. पन्नास पैशांच्या खाली गेली की गाव टंचाईत धरतात. सप्टेंबरात पिकं उभी असताना नजर आणेवारी, ऑक्टोबरात सुधारित, डिसेंबरात अंतिम. सप्टेंबरातली हिरवीगार ज्वारी पाहून अप्पा कधी बोलून जात नसत. “नजरेला काय दिसतंय त्यावर गाव जगत नाही,” म्हणायचे.

आजोबांनी शब्द दोनदा म्हणून पाहिला. दुसऱ्या दिवशी वहीत नवा रकाना होता, आणि टक्क्यांऐवजी आम्ही पैशांत बोलायला लागलो.

४ नोव्हेंबरला इलिनॉयशी सामना. तो संघ त्या वर्षी बारापैकी दोनच सामने जिंकला. आधीच्या नऊ सामन्यांत त्यांनी प्रतिस्पर्ध्यांना सरासरी २६ गुण दिले होते. ओहायो स्टेटनं १७ केले आणि १७-१० असा विजय मिळवला. शहराला विजय दिसला. वहीत ६५ पैसे पडले.

१८ नोव्हेंबरला मिशिगन. दोन्ही संघ अपराजित, क्रमवारीत पहिला आणि दुसरा. मिशिगननं अकरा सामन्यांत सरासरी १२ गुण दिले होते आणि धावून चेंडू पुढे नेणाऱ्यांना सामन्यामागे सुमारे ३० यार्डच मिळू दिले होते. त्यांच्याविरुद्ध ओहायो स्टेटनं ४२ गुण केले आणि १८७ यार्ड धावून काढले. आक्रमणाची आणेवारी साडेतीन रुपयांच्या घरात! मी उड्या मारल्या. आजोबाही हसले. मग त्यांनी दुसरी बाजू भरली. मिशिगनची गुणांची सरासरी २९ च्या वर होती, आपण ३९ दिले. १३३ पैसे, आणि बचावाच्या बाजूला शंभराच्या वर म्हणजे तोटा. आधीच्या अकरा सामन्यांत मिळून ज्या बचावानं ८६ गुण दिले होते, त्यानं एका दुपारी ३९ दिले. त्या आकड्याभोवती त्यांनी पेन्सिलीनं गोल केला आणि वही मिटली.

डिसेंबरात टेक्ससचा कोरा रकाना भरला. त्यांनी नियमित हंगामात इतर अकरा संघांविरुद्ध ४३४ गुण केले होते, सरासरी साडेएकोणचाळीस. आपण त्यांना ७ वर रोखलं होतं. अठरा पैसे. सप्टेंबरातली शहराची नजर आणेवारी खरी ठरली होती.

८ जानेवारी २००७ ला राष्ट्रीय अजिंक्यपदाचा सामना फ्लोरिडाशी झाला. पहिल्याच किकऑफला ओहायो स्टेटचा टेड गिन ज्युनियर ९३ यार्ड धावत गेला आणि टचडाउन झाला. त्यानंतर सगळं कोसळलं. आमचा क्वार्टरबॅक ट्रॉय स्मिथ, त्याला महिन्यापूर्वीच सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा हाइजमन करंडक मिळाला होता. त्याचे १४ पैकी ४ पास पोहोचले, ३५ यार्ड. मिशिगनविरुद्ध ५०३ यार्ड काढणाऱ्या संघानं त्या रात्री ८२ काढले. फ्लोरिडा ४१, ओहायो स्टेट १४.

आजोबांनी हिशेब मांडला. फ्लोरिडाची गुणांची सरासरी २९ च्या आसपास, आपण ४१ दिले, १४२ पैसे. नोव्हेंबरात गोल केलेला आकडा खोटा नव्हता. मग आक्रमणाचा रकाना. फ्लोरिडा सरासरी साडेतेरा गुण देत असे, आपण १४ केले. १०४ पैसे.

ते बराच वेळ त्या आकड्याकडे पाहत बसले. वहीप्रमाणे आक्रमणाचं पीक पूर्ण आलं होतं, आणि आम्ही दोघांनी तर शेत जळताना पाहिलं होतं. चौदातले सात गुण त्या पहिल्या किकचे होते, आक्रमणाचे नव्हतेच. “माप चुकलं,” ते सावकाश म्हणाले. “मी प्रतिस्पर्ध्याला मोजलं. मापाला मोजलं नाही.” मग त्यांनी आणखी एक गोष्ट बोलून दाखवली, जी त्यांना वर्षानुवर्षं छळत होती. फ्लोरिडाची सरासरी फ्लोरिडाच्या प्रतिस्पर्ध्यांनी बनवली, त्यांची सरासरी त्यांच्या प्रतिस्पर्ध्यांनी. एका संघाचा मका सुकवायला दुसऱ्याचा काटा घ्यावा, तर तो काटाही ओल्या मक्यानंच जोखलेला.

थोड्या वेळानं ते माझ्याकडे वळले. “तुझ्या वडिलांना विचार. त्यांच्याकडे पाऊसच वर्षानुवर्षं कमी पडत गेला, तर ते प्रमाण उत्पन्न काय करतात?”

त्या रविवारी मी फोनवर विचारलं. अप्पा काही क्षण बोलले नाहीत. मग म्हणाले, “हे मीही एकदा वर विचारलं होतं. उत्तर आलं नाही. पण मला उलटून हे कोणी विचारलं नव्हतं रे आजवर.” थोडं थांबून म्हणाले, “त्या गृहस्थांना माझा नमस्कार सांग.” मी खाली जाऊन तो सांगितला. आजोबांनी खुर्चीतून उठून उभं राहून तो स्वीकारला. हात कसे जोडायचे ते मला विचारलं आणि जोडले.

ते दोघंही आता नाहीत. तो प्रश्न मात्र माझ्या पदरात राहिला. मी परत आलो आणि गेली काही वर्षं पीक विम्याच्या उत्पन्नाच्या आकडेवारीवर काम करतो. २०१६ साली प्रधानमंत्री पीक विमा योजना आली, तिच्यात उंबरठा उत्पन्न नावाची गोष्ट आहे. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिला जोखीमस्तरानं गुणायचं. यंदाचं उत्पन्न त्याखाली गेलं तर भरपाई. वाईट दोन वर्षं वगळल्यामुळे माप न्याय्य वाटतं. पण सातांतली चार वर्षं कोरडी गेली तर दोन वगळूनही दोन कोरडी वर्षं सरासरीत उरतात. उंबरठाच खाली येतो. शेतकऱ्याच्या हाती काही लागत नाही आणि कागद म्हणतो, पीक ठीक आहे. एकशे चार पैसे! हा आकडा कोणत्याही महसूल मंडळाच्या तक्त्यात दिसला की मी थांबतो, आणि ते मंडळ उंबरठ्यापाशी न सोडता त्याच्या जुन्या पावसापर्यंत मागे जातो. माझ्या टिपणांमुळे सगळंच बदललं नाही. काही ठिकाणी फेरतपासणी झाली, तेवढी माझ्या नावावर. ती त्या दोघांच्या खात्यातून आली आहे.

आजोबांची रीत मी कधीकधी स्वतःला लावतो. एखाद्याचं मोल कळायचं असेल तर त्याला वगळून सरासरी काढायची. २००६ ची ती शरद ऋतूतली थंडी, जिन्याखालची हाक, गोल केलेला तो १३३ माझ्या आयुष्यातून वगळून पाहतो. पदवी उरते, नोकरीही बहुधा उरते. पण रकान्यात आलेला आकडा खरा मानून पुढची ओळ भरणारा माणूस उरतो. अप्पांना वगळलं तर तोही उरत नाही. आजोबा काय म्हणतायत हे त्या रात्री कळलंच नसतं.

गेल्या ऑक्टोबरात माणमधल्या एका शेतात कापणी प्रयोग चालू होता. दहा बाय दहाचा तुकडा, चार खुंट्या, दोरी. तरुण तलाठी बाजरी तोलत होता. त्यानं आकडा लिहिला आणि माझ्याकडे पाहिलं. मी म्हणालो, “आधी ओल बघू या.”