भोपळा, पाने आणि चिमुकले हात



पावसाळा सरत आला की अमेरिकेला मुलाकडे किंवा लेकीकडे निघालेले आजी-आजोबा माझ्या दवाखान्यात येऊ लागतात. रक्तदाबाच्या गोळ्या किती न्याव्यात, विमानात पाय सुजतील का, हे विचारून झाले की दाराशी थबकून ते आणखी एक प्रश्न विचारतात : ‘‘डॉक्टर, दिवसभर त्या लहानग्याला सांभाळायचे खरे, पण करायचे काय?’’ या प्रश्नाला औषधाची चिठ्ठी पुरत नाही, म्हणून हे टिपण.

गेल्या वर्षी ऑक्टोबरात मी लेकीकडे न्यू जर्सीत होते. नात सव्वादोन वर्षांची. तिकडच्या शरदात दिवस लहान होऊ लागतात, पानांतील हरितद्रव्य विरत जाते आणि त्याखाली दडलेला पिवळा रंग उघडा पडतो. मेपलसारख्या काही झाडांच्या पानांत लाल रंग नव्याने तयार होतो. 31 ऑक्टोबरला हॅलोविन येतो आणि घरोघरी पायऱ्यांवर लाल भोपळे मांडले जातात. आयर्लंडमध्ये पूर्वी सलगम कोरून दिवे करीत. तेथील लोक अमेरिकेत आले आणि सलगमाची जागा भोपळ्याने घेतली. भुताखेतांची ही सजावट पाहून बिचकू नका. पण दोन-तीन वर्षांचे मूल मुखवट्याला घाबरले, तर त्याला ‘भित्रा’ म्हणू नका. या वयात अशी भीती स्वाभाविकच असते.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. सकाळी फिरताना मुलाला पाने वेचू द्या. घरी आल्यावर लाल एकीकडे, पिवळी दुसरीकडे. मोठे पान, लहान पान, अशी वाटणी करा. पान कागदाखाली शिरांची बाजू वर करून ठेवावे आणि वरून जाड मेणखडू आडवा फिरवावा. शिरा कागदावर उमटतात, तेव्हा मुलाच्या चेहऱ्याकडे पाहावे! पाने चिकटवायला कणकेची खळ शिजवा. गार झाली की मुलाला ती बोटांनीच फासू द्या. हळद घालून मळलेल्या कणकेच्या गोळ्याचे इवले भोपळे वळता येतात. चिमटीत धरणे, दाबणे, फाडणे यांतूनच बोटांत पुढे लेखणी धरण्याची ताकद येते.

भोपळा तर अख्खी शाळाच आहे. उचलून पाहावा, टकटक वाजवावा, वास घ्यावा. सुरी फक्त मोठ्यांच्या हाती. गर आणि बिया काढण्याचे काम मात्र मुलाचे. एक लहान भोपळा पाण्याच्या टबात टाका. एवढा जड, तरी तरंगतो! (टबापाशी असताना मुलाला क्षणभरही एकटे सोडू नका.) आणि हे सारे चालू असताना भोपळ्यात बसून घरी परतणाऱ्या म्हातारीची गोष्ट सांगा. तीही लेकीकडेच गेली होती, हे विसरू नका! माझी नात ‘लाल’, ‘जड’, ‘बी’ हे शब्द त्या टबापाशीच शिकली. दोन भाषा कानी पडल्याने बोलणे लांबते, हा समज निराधार आहे. तुम्ही निःशंकपणे मराठीतच बोला.

एक खेळ पाच-दहा मिनिटे चालला, तरी पुष्कळ. दोन ते चार वर्षांच्या मुलांना पडद्यापुढे दिवसाकाठी तासाभराहून अधिक बसवू नये, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते; त्याला पर्याय म्हणजे हेच खेळ.

मात्र काही गोष्टी कटाक्षाने पाळा. चार वर्षांखालील मुलाला कडक गोळ्या, अख्खे दाणे, लाह्या देऊ नका. भोपळ्याच्या बिया आणि ओकची फळेही तोंडात जाणार नाहीत, हे पाहा. कागदी नळीतून जी वस्तू आरपार जाते, ती या वयाला लहान समजावी. भोपळ्यात खऱ्या मेणबत्तीऐवजी विजेची ठेवतात. तिच्यातील बटणाएवढी बॅटरी गिळली गेली, तर अन्ननलिका दोन तासांतही गंभीर भाजू शकते. अशी नुसती शंका आली, तरी उलटी करवत बसू नका. तत्काळ 911 ला फोन करून रुग्णालय गाठा.

आणि तुमचे काय? ओल्या पानांवरून पाय घसरतो. चांगली पकड असलेले बूट घाला, कठडा धरा. गुडघे दुखत असतील, तर जमिनीवर बसू नका. बुटक्या टेबलापाशी खुर्ची घ्या. मधुमेह असेल, तर हॅलोविनच्या चॉकलेटांची परडी नजरेआड ठेवा.

‘आम्ही तिथे नुसते बसून असतो,’ अशी खंत मी परतलेल्या अनेकांकडून ऐकली आहे. ती आपल्या वाट्याला येऊ देऊ नका. मुलाचे आईवडील दिवसभर कामात असतात. पानाची शीर न्याहाळायला लागणारी सवड त्या घरात बहुधा तुमच्यापाशीच असते. तेव्हा औषधांच्या यादीबरोबर मेणखडूंची एक जाडसर पेटीही सामानात ठेवा.