पट्टीवरचे चार आकडे

कडा, ता. आष्टी, जि. बीड
रविवार, रात्री

चि. ताई,

हे फोनवर बोललो असतो. पण तुझा फोन लागतो तो एसटीत, नाहीतर रात्री अकराच्या पुढं, आणि तेव्हा तुझ्या आवाजातच झोप असते. गेल्या बुधवारी तू म्हणालीस, "मामा, दोन्हीकडं निभवतेय, काळजी करू नका." त्यानंतर शुक्रवारी जे पाहिलं ते तुला सांगितल्यावाचून मला राहवत नाही.

शुक्रवारी रात्री साडेनऊला आपल्या दारात ट्रॅक्टर थांबला. ज्या गावात मी इतकी वर्षं टपाल वाटलं तिथले एक शेतकरी होते. कांदा घेऊन आले होते, लिलाव दुपारीच झालेला, पण विक्रीच्या हिशोबाची पट्टी हातात पडायला रात्रीचे नऊ वाजले. आडतीच्या दुकानाच्या पायरीवर बसून होते. "लिहिणारी पोरगी नगरहून यायची होती," म्हणाले. त्यात तक्रार नव्हती, झालं ते सांगितलं इतकंच. मग खिशातून पट्टी काढली आणि म्हणाले, मास्तर, जरा वाचून दाखवा, हमाली-तोलाई किती लावली ते बघू.

अक्षर तुझं होतं. मी लगेच ओळखलं. भाव ११५० रुपये क्विंटल. वजन ३४.८०. मी वाचून दाखवलं तसे ते गप्प झाले आणि दुसऱ्या खिशातून काट्याची पावती काढली. तिच्यावर ३८.४० होतं. आकडे तेच चार, फक्त जागा बदललेले. ३ क्विंटल ६० किलोचा फरक, म्हणजे ४,१४० रुपये. ट्रॉलीभर कांद्यातून बियाणं, लागवड, खत आणि काढणीची मजुरी वजा केल्यावर त्या माणसाच्या हातात काय राहतं ते तुला मी सांगायला नको. तुझे वडील होते तोवर तुमच्याच घरात तो हिशोब व्हायचा.

काल सकाळी मी त्यांना घेऊन दुकानात गेलो. शेठजींनी वही काढली, दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि तिथल्या तिथं पैसे मोजून दिले. तुझ्याबद्दल अवाक्षर बोलले नाहीत. मीही नाही.

तुला रागावण्यासाठी हे लिहीत नाही. तुझ्या हातून असली चूक पाच वर्षांत झालेली मी पाहिली नाही. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षापासून तू त्या दुकानात बसतेस, आणि तू पट्टी लिहिलीस म्हणजे परत बघायला नको असं शेतकरी म्हणतात. चूक तुझ्या हुशारीची नाही. पहाटे पाचला उठलेल्या डोळ्यांनी रात्री नऊला आकडे लिहायचे, त्याची आहे.

माझं मी सांगतो, म्हणजे हा उपदेश कुठून येतोय ते तुला कळेल.

मी ग्रामीण डाक सेवक. जुनी माणसं ईडी, म्हणजे एक्स्ट्रा डिपार्टमेंटल, पोस्टमास्तर म्हणायची. ही नोकरी मुळातच अर्ध्या वेळेची. खात्याचा नियम असा, की दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही, आणि नेमणूक घेणाऱ्याकडं पोटापाण्याचं दुसरं साधन असलंच पाहिजे. पूर्वी खेड्यापाड्यांत शाळामास्तर आणि दुकानदार हे काम करायचे ते त्यामुळंच. शाळेआधी किंवा शाळा सुटल्यावर टपालाची पिशवी सोडायची, शिक्के मारायचे. १ जुलै २०१८ पासून चार तासांच्या पोस्टमास्तरला १२,००० आणि पाच तासांच्याला १४,५०० अशी सुरुवात झाली, त्याआधी तर फारच थोडं होतं. म्हणजे माझ्या मालकाला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं की हा माणूस दुसरीकडंही राबतो. माझं दुसरं काम म्हणजे चार म्हशी आणि डेअरीचं दूध.

तरीही मी चुकलो. एका पावसाळ्यात डेअरीची गाडी उशिरा यायला लागली. दूध घालून परत यायला मला साडेदहा वाजायचे. पोस्ट माझ्याच ओसरीवर, कुणी विचारणार नाही, म्हणून मी ते तसंच चालू दिलं. एक म्हातारी वस्तीवरून तीन किलोमीटर चालत यायची, मुंबईच्या मुलाची मनीऑर्डर घ्यायला. त्या दिवशी ती आली, दार बंद बघून तासभर बसली आणि निघून गेली. मी आलो तेव्हा ओसरीवर तिच्या ओल्या पावलांचे ठसे होते. दुसऱ्या दिवशी मी स्वतः पैसे घेऊन गेलो, तर म्हणाली, "काल बाजार होता रे बाबा." एवढंच. तिचा आठवड्याचा बाजार बुडाला होता. माझ्या दोन कामांचा मेळ बसेना आणि त्याचा भुर्दंड तिनं भरला.

त्याच दिवशी मी दारावर खडूनं वेळ लिहिली, ९ ते १. आणि डेअरीवाल्याला सांगून टाकलं, साडेसातला गाडी आली तर मी दूध घालीन, नाहीतर सकाळचं दूध माझा भाऊ आणील आणि त्याचे पैसे त्याच्या नावावर लावा. महिन्याला उत्पन्न घटलं. पण ६५ व्या वर्षी निवृत्त होईपर्यंत ती वेळ मी मोडली नाही.

आता तुझा दिवस मांडू. साडेसातला घर सोडतेस. धानोरा, चिचोंडी पाटील करत नऊला नगर. साडेनऊ ते सहा ऑफिस. पावणेआठला कड्यात, आठ ते साडेदहा दुकान. जेवण अकराला. आपल्या भागानं ज्या रेल्वेची पिढ्यान्‌पिढ्या वाट पाहिली ती २३ सप्टेंबर २०२२ ला आष्टीपर्यंत आली, १७ सप्टेंबर २०२५ ला बीडपर्यंत पोचली, फार चांगलं झालं. पण एसटी असो की रेल्वे, जाऊन-येऊन शंभर किलोमीटर शरीरालाच सोसावे लागतात. दुकानाचे महिन्याला साधारण पासष्ट तास होतात आणि त्याचे ५,००० रुपये, म्हणजे तासाला सत्त्याहत्तर. त्यातले २,००० उचलीत कापून जातात.

ती उचल हीच खरी गाठ आहे, हे मला ठाऊक आहे. आईच्या ऑपरेशनाला शेठजींनी २५,००० दिले, कागद न करता दिले. आठ महिन्यांत १६,००० फिटले, ९,००० बाकी. तुला वाटतं, बाकी असताना काम सोडलं तर लोक काय म्हणतील. ताई, आपल्या आष्टी-पाटोदा-शिरूरची माणसं दसरा-दिवाळीला कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. ती मुकादमाची उचल फेडण्यासाठीच राबतात आणि हंगाम संपला तरी बाकी उरली म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जातात. लहानपणापासून तू हे पाहिलंयस. उचलीनं माणूस कसा बांधला जातो ते आपल्याला बाहेरून शिकायला नको. पण त्यांच्यातही एक गोष्ट बघ. पावसाळ्यात घरची शेती, मग ऊस. दोन कामं आहेत, पण एकामागून एक. सकाळी कारखान्याच्या फडात आणि संध्याकाळी आपल्या रानात असं कुणी करत नाही, करता येतच नाही.

९,००० मी देतो. मला ते महिन्याला हजारप्रमाणे परत कर, आईला सांगू नकोस. शेठजींकडून मात्र उचलीचा हिशोब लिहून घे, फिटल्याची सही घे. अविश्वास म्हणून नाही. तू हिशोबाचं शिक्षण घेतलंयस, तोंडी व्यवहार बंद करायची सुरुवात स्वतःपासून कर.

दुसरं तुझ्या नगरच्या नोकरीच्या नेमणूकपत्राचं. दिवाळीत तू दाखवलंस तेव्हा मी नीट वाचलं होतं. सहा महिने परिविक्षा, आणि नवव्या की दहाव्या कलमात लिहिलंय की लेखी परवानगीशिवाय दुसरीकडं पगारी काम करायचं नाही. तू म्हणालीस, असं सगळीकडं लिहितात, कोण बघतंय. बघतात, बाळा. २०२२ साली विप्रोनं तीनशे माणसं काढली होती, प्रतिस्पर्ध्यांचं काम करत होती म्हणून. मूनलायटिंग हा शब्द आपल्याकडं घरोघरी तेव्हाच पोचला. त्याच वर्षी स्विगीनं मात्र आपल्या माणसांना कळवलं की कामाच्या वेळेबाहेर, मंजुरी घेऊन, दुसरं काम करा. दोन्हीकडं मुद्दा विचारण्याचाच होता. सरकारी नोकरीतही आधी परवानगी, मग धंदा, असा महाराष्ट्राच्या १९७९ च्या वर्तणूक नियमांचा दंडक आहे. कांद्याची आडत तुझ्या कंपनीशी स्पर्धा करत नाही, त्यामुळं कदाचित हो म्हणतीलही. पण न विचारता केलेलं काम मनात लपवून ठेवावं लागतं. साहेबांनी संध्याकाळी सहाला "जरा थांबता का" म्हटलं की तू रोज नवीन कारण शोधतेस, हे तूच मला सांगितलंस. सहा महिने संपताना त्यांच्या लक्षात तुझं काम राहणार नाही, ती कारणं राहतील.

आणि मार्च तोंडावर आलाय. तिथं वर्षाखेर, इथंही वर्षाखेर. एकाच रात्री दोन वह्या बंद करता येणार नाहीत. ही अडचण ३१ तारखेला सांगून चालत नाही, आत्ता सांगायची असते.

मला विचारशील तर दुकान सोड. लगेच नाही. शेठजींना एक महिना दे. तुझ्या जागी कुणी येईल त्याला काटापावती आणि पट्टी ताडून बघायची तुझी सवय लाव. बाजार समितीला जाणारे कागद, हमालांची वही, कपाटाची किल्ली, सगळं यादी करून हातात दे. फारच रिकामं वाटलं आणि कंपनीनं लेखी हो म्हटलं, तर रविवारी सकाळी दोन तास आठवड्याचा ताळा बघून दे. रविवार सकाळ ही ताज्या डोळ्यांची वेळ आहे. रात्रीची पट्टी मात्र नको. ती लिहिणाऱ्यानं लिलावाच्या वेळी बाजारातच असलं पाहिजे, म्हणजे माणूस पायरीवर बसून राहत नाही.

भावाच्या क्लासची फी कशी भरायची, हे तू विचारणार. ३,००० कमी होतील हे खरं. त्यातले काही मी बघतो, काही तो बघेल. तो सकाळी दूध घालू शकतो, वीस वर्षांचा आहे. सगळं तूच पेललं पाहिजे असं तुझ्या आईनं कधी म्हटलेलं नाही, ते तू स्वतः अंगावर घेतलंयस. वडील गेल्यापासून.

सोडण्याचं फोनवर सांगू नकोस. मेसेज तर मुळीच करू नकोस. त्या माणसानं तुला कॉलेजच्या परीक्षेच्या दिवसांत सुट्ट्या दिल्या आणि पगार कापला नाही. समोर जाऊन, बसून सांग. शुक्रवारच्या पट्टीचंही तू स्वतः काढ, ते काढणार नाहीत. त्या शेतकऱ्यांचा नंबर माझ्याकडं आहे, त्यांच्याशीही बोल. ते रागावलेले नाहीत, पण तू बोललीस तर त्यांना बरं वाटेल.

पुढच्या रविवारी सकाळी नऊला ये. पैसे काढून ठेवतो. तुझ्याबरोबर दुकानापर्यंत येईन, पण आत बोलायचं तुलाच. मी बाहेर पायरीवर बसतो.

तुझा
मामा